पेटीसमोर सरपटणाऱ्या माश्या: फवारणी, कोळी की आणखी काही? (वरुड तालुका)

संत्रामळा | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी. मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. आज गरज पडली म्हणून धागा काढतो आहे.

माझ्याकडे मेलिफेराच्या (परदेशी मधमाशीच्या) दहा पेट्या आहेत. मागच्या हिवाळ्यात घेतल्या त्या मधासाठी कमी आणि संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फुलासाठी जास्त. पावसाळाभर साखरपाणी पाजून जगवल्या. आता तुरीला फूल आलंय, पेट्या भरायला हव्यात, तर चाललंय भलतंच.

गेल्या आठ दिवसांपासून तीन पेट्यांसमोर रोज सकाळी माश्या गवतात सरपटताना दिसतात. काडीवर चढतात, उडायला बघतात, खाली पडतात. एक तळहातावर घेतली. पंख लसणाच्या वाळक्या सालीसारखे चुरगळलेले, पोट आखूड. पेटी उघडली तर ब्रूड (पिल्लांची घरं) चाळणीसारखं. मध्येच रिकामी घरं, मध्येच झाकलेली, आणि काही झाकणांना टाचणी टोचावी तशी भोकं.

बांधापलीकडच्या तुरीवर आठ दिवसांपूर्वी फवारणी झाली, म्हणून पहिला संशय तिच्यावर. ज्यांनी पेट्या विकल्या त्यांना फोन केला. त्यांनी न बघताच सांगितलं, "फवारणीच असणार, आणि मनाला बरं वाटावं म्हणून पट्ट्या लावून टाका." कसल्या पट्ट्या, किती, किती दिवस, काही नाही. फोन बंद.

डिसेंबरात बागेला पाण्याचा ताण देणार, जानेवारीअखेर फूल. हातात सत्तर-ऐंशी दिवस आहेत. कोणी सांगेल का, हे काय आहे?

वऱ्हाडी_ठेचा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

भाऊ, बागेच्या आधी तुमी माश्याइलेच ताणावर सोडलं वाट्टे.

(मजाक सोडा. फोटो टाका नं.)

कपाशीवाला | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३१

फवारणीच. दुसरं काही नाही. मागच्या साली माझ्या दोन पेट्या एका दुपारी गेल्या. दारासमोर ओंजळ भरेल एवढा मेलेल्या माश्यांचा ढीग होता. शेजाऱ्याला विचारलं तर म्हणे, मी तर सकाळीच फवारलं. अरे, सकाळीच तर माशी फुलावर असते!

मधकाका | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:१२

कपाशीवाले, तुमच्या पेट्या विषानंच गेल्या असतील, तुम्ही सांगता ते चित्र विषाचंच आहे. एका दिवसात ढीग, बहुतेक सगळ्या बाहेर जाणाऱ्या वयाच्या माश्या, जीभ बाहेर आलेली, पण पंख साबूत.

संत्रामळा सांगतात ते वेगळं आहे. पंख चुरगळलेला आहे म्हणजे ती माशी तशीच जन्मली. विष पंख चुरगळत नाही. कोषात असताना तिला काहीतरी लागलं. आणि आठ दिवस रोज थोड्या थोड्या, ही विषाची चाल नव्हे. त्यातून झाकणाला भोकं. आतलं पिल्लू मेलं किंवा बिघडलं की कामकरी माश्या झाकण कुरतडून बघतात, त्याची ती भोकं.

माझा संशय कोळ्यावर आहे, म्हणजे माश्यांवर आणि पिल्लांवर जगणाऱ्या बारीक किड्यावर. पण संशयावर औषध टाकू नका. आधी दोन कामं करा.

पहिलं. झाकण काढलेली काचेची बरणी घ्या, तोंडाला बारीक जाळी बांधा. ब्रूडच्या फ्रेमवरून (पोळ्याच्या चौकटीवरून) अर्धा कप माश्या आत झटका, साधारण तीनशे होतात. राणी त्यात नाही ना, हे दोनदा बघा. दोन मोठे चमचे पिठीसाखर टाका, बरणी हळूहळू फिरवा, दोन मिनिटं थांबा, मग पांढऱ्या ताटात जाळीतून साखर झटका. वरून थोडं पाणी टाकलं की साखर विरघळते आणि किडा तेवढा राहतो. मोजा, तिनानं भागा. शंभर माश्यांमागे तीन किंवा जास्त निघाले तर काम सुरू करायची वेळ झाली. माश्या परत पेटीत सोडा, बाकीच्या चाटून साफ करतात.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं, आणि तेच लोक करत नाहीत. झाकलेली शंभर घरं सुईनं उघडा. पिल्लू बाहेर काढून बघा, आणि घराच्या भिंतीही बघा. उन्हाकडे फ्रेम धरून. काय निघतं ते इथे लिहा. रंग, आकार, आणि पळतं की बसून राहतं.

कांदाबीज_बुलढाणा | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

धागा पकडून ठेवतो. आमच्याकडे कांद्याच्या बियाण्याला पेट्या भाड्यानं आणतो. मागच्या वर्षी आलेल्या पेट्या अर्ध्याच भरलेल्या होत्या. मालक म्हणाला मेणकिड्यानं खाल्लं. तेच का हे?

मधकाका | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

कांदाबीज, मेणकिडा म्हणजे तेराव्याला जेवायला येणारा पाहुणा. माणूस त्यानं मारलेला नसतो. भरलेल्या पेटीत पतंग अंडी घालतो, पण माश्या अळी उचलून फेकतात. वसाहत कशानं तरी खचली की मग जाळ्या, बोगदे, सगळं. आल्यावर लोक त्याच्याच नावानं बोटं मोडतात. रिकामी पोळी मात्र त्याच्यापासून सांभाळायलाच हवीत. घरी डीप फ्रीजर असेल तर एक-दोन रात्री आत ठेवा आणि मग घट्ट बांधा.

संत्रामळा | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

केलं काका, दोन्ही केलं.

साखरेत चार निघाले. लालसर तपकिरी, चपटे, खेकड्यासारखे आडवे. राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडेच मोठे. तीनशेत चार म्हणजे शंभरी एक आणि वर थोडं. म्हटलं, एवढंच? मग माश्या मरतात कशानं?

मग घरं उघडली. मला सुई धरवेना, हात थरथरत होता. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, ती म्हणाली आण इकडे. चष्मा चढवला, साडीची पिन घेतली आणि अंगठ्यानं फ्रेम उन्हाकडे तिरपी केली. शेंगा सोलल्यासारखी एकेक झाकण उचलत गेली. सोळा-सतरा घरं झाली असतील. मग म्हणाली, "अरे, हे तर पळते!"

खसखशीएवढं, पण लांबट. फिकट तांबूस. पोळ्यावर असं धावतं की नजर ठरत नाही. एका घरातून तीन निघाले आणि लगेच शेजारच्या घरात शिरले. शंभर घरांतून १९ घरांत हेच. खेकड्यासारखे वाले फक्त दोन घरांत. त्या दोन घरांच्या भिंतीला वरच्या बाजूला चुन्याच्या ठिपक्यासारखं पांढरं काहीतरी होतं.

एक विचारायचं राहिलं. संत्र्यावर लाल कोळी येतो तेव्हा प्रोपरगाइट मारतो, घरात अर्धी बाटली आहे. हाही कोळीच. अगदी पातळ करून...?

मेळघाटची_पोर | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२२

नाही!! दादा, ती बाटली कपाटात परत ठेवा, आत्ता!

मधकाका | १४ नोव्हेंबर, रात्री ८:४०

हिनं बरोबर सांगितलं. झाडावरचं औषध पेटीत नको. माशी मरेल, मेणात मुरेल, मधात उतरेल. 'कोळी' हे नाव एकच असलं तरी जात वेगळी, घर वेगळं.

आईंना माझा नमस्कार सांगा. अर्धी परीक्षा त्यांनीच पास केली.

तुमच्याकडे दोन किडे आहेत. आडवा, बसका, बरणीत सापडला तो व्हरोआ. पांढरे ठिपके म्हणजे त्याची घाण, तो घराच्या भिंतीला एकाच जागी करतो. तो मोठ्या माशीच्या अंगालाही चिकटून राहतो, पोटाच्या पट्ट्यांमध्ये शिरून. म्हणून साखरेत सापडतो.

पळणारा तो ट्रोपिलेलॅप्स. याचं तोंड असं की मोठ्या माशीच्या कडक अंगावर त्याचं पोट भरत नाही. त्याला पिल्लंच लागतात. त्यामुळे माश्यांच्या अंगावर तो फार थोडा वेळ असतो, एका घरातून निघाला की दुसऱ्यात. तुम्ही साखरेच्या बरणीवर भरवसा ठेवून बसला असता तर "शंभरी एकच, चिंता नाही" म्हणून गप्प राहिला असता, आणि महिन्यानं पेटी रिकामी. व्हरोआची आई मधले काही दिवस मोठ्या माशीवर बसून काढते, हा जवळजवळ लगेच पुन्हा घरात शिरतो. म्हणून याची वाढ व्हरोआपेक्षाही वेगानं होते.

आणि हा आला कुठून? आजूबाजूला आग्या मोहोळ आहे का?

संत्रामळा | १४ नोव्हेंबर, रात्री ९:०१

आहे ना. विहिरीजवळच्या उंबरावर. दिवाळीच्या सुमारास येतं दरवर्षी. यंदा तीन पोळी आहेत.

कपाशीवाला | १४ नोव्हेंबर, रात्री ९:०९

मग काय, टेंभा लावा रात्री. मध पण मिळेल.

मेळघाटची_पोर | १४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

कपाशीवाले दादा, तुमचं प्रत्येक गोष्टीवर औषध म्हणजे आग किंवा फवारा.

ट्रोपिलेलॅप्स मुळात आग्याचाच. हजारो वर्षांपासून तिच्यावर राहतो आणि ती त्यानं मरत नाही. का? कारण आग्या एका जागी राहत नाही. फुलोरा संपला की पोळं सोडून निघून जाते. मागे राहतं रिकामं पोळं, आत पिल्लू नाही. ज्या किड्याला पिल्लाशिवाय दिवस काढता येत नाहीत तो किती टिकणार? तिचं स्थलांतर म्हणजेच तिची औषधं. आपली मेलिफेरा पेटीत बसलेली, बारमाही ब्रूड, आणि कमी पडलं की आपण साखरपाणी पाजतो. कोळ्याला याहून सुखाचं घर कुठलं?

उंबर जाळलात तरी पुढच्या वर्षी दुसरी आग्या येणार. शिवाय तुमच्या तुरीवर आणि संत्र्यावर जी माशी फुकट काम करते त्यात पेटीतल्या किती आणि उंबरावरच्या किती, कधी मोजलंत?

आणि मध हवाच असेल तर वर्ध्याच्या दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं पूर्वीच दाखवलंय की आग्याचं पोळं न जाळता, फक्त मधाचा भाग कापून मध काढता येतो. पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. आमच्याकडे कोरकू पोरं आता अंगभर पोशाख घालून तसं काढतात.

कपाशीवाला | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४४

ताई, चिडू नका. मी तर एक उपाय सांगितला.

वऱ्हाडी_ठेचा | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५२

आमच्या गावात एकानं आग्या मोहोयाले टेंभा लावला होता. मोहोय तं पडलं, पन वऱ्हाडातले अर्धे जन सरकारी दवाखान्यात. लग्न होतं ना राजेहो, मांडव उंबराखालीच.

सूक्ष्मदर्शी | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:१८

मी कॉलेजमध्ये प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर. धाग्याला फाटे फुटतील, माफ करा.

व्हरोआ हे नाव पहिल्यांदा दिलं गेलं १९०४ मध्ये, जावा बेटावरच्या सातेरीवर (आपल्याकडची देशी पाळीव माशी) सापडलेल्या किड्याला. वारो नावाच्या एका रोमन विद्वानावरून. त्यानं मधाची घरं षटकोनी का, यावर लिहिलं होतं. सातेरीवरून तो मेलिफेरावर उडी मारून आला आणि जगभर पसरला. गंमत म्हणजे २००० पर्यंत सगळे त्याला जावाचाच समजत होते. मग अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवलं की मेलिफेराला छळणारा वेगळा आहे, आणि त्याला नाव मिळालं 'डिस्ट्रक्टर'. साजेसं नाव.

आमच्या पुस्तकात होतं की तो माशीचं रक्त पितो. २०१९ मध्ये सॅम्युएल रॅमसी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो मुख्यतः चरबीपेशींवर जगतो, म्हणजे आपल्या यकृताच्या जागी असलेला अवयव कुरतडतो. आणि जाता जाता विषाणू टोचतो. चुरगळलेला पंख त्या विषाणूचा. ट्रोपिलेलॅप्सही तोच विषाणू पसरवतो. म्हणून फक्त पंख बघून कोणता कोळी हे सांगता येत नाही, घर उघडावंच लागतं.

सातेरीचं मात्र बघण्यासारखं आहे. तिच्यात व्हरोआची वाढ बहुतेक नराच्या घरांतच होते. कामकरी एकमेकींचं अंग चोळून कोळी काढतात. आणि नराच्या एका घरात खूप कोळी शिरले तर तो नर इतका दुबळा होतो की त्याला आतून झाकण फोडता येत नाही. तो आतच मरतो, आणि कोळीही त्याच्यासकट बंद. कुलूप लावून कैदी आत.

मेळघाटची_पोर | १५ नोव्हेंबर, दुपारी १:०२

म्हणूनच मी म्हणते, सातेरी पाळा.

मधकाका | १५ नोव्हेंबर, दुपारी १:४०

पोरी, सातेरी मेळघाटात ठीक. वरुडच्या उघड्या बागेत मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला ती पेटी सोडून पळते. आणि तिला कोळी नाही तर थाई सॅकब्रूड. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत त्या विषाणूनं सातेरीच्या वसाहती उभ्या-आडव्या साफ केल्या. प्रत्येकीचं दुखणं वेगळं असतं. मेलिफेराही काही कालची नाही. १९६२ च्या सुमारास कांगड्यातल्या नगरोटात ती आपल्याकडे नीट रुजली, मग पंजाबात फोफावली. आता तिला परकी म्हणून कसं चालेल?

आता कामाचं बोलू. संत्रामळा, कागद पेन्सिल घ्या.

आग्या जे उडून करते ते तुम्हाला पेटीत करायचं आहे. म्हणजे ब्रूड थांबवायचं. राणी पिंजऱ्यात कोंडायची, २४ दिवस. कामकरी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर येते, नर २४ दिवसांत. चोविसाव्या दिवशी पेटीत एकही पिल्लू नाही. पळणाऱ्याचा दाणापाणी बंद. व्हरोआ उपाशी मरत नाही, पण लपायला घर नसल्यामुळे सगळे माश्यांच्या अंगावर उघडे. त्या संध्याकाळी ऑक्झॅलिक आम्ल. झाकलेल्या घरात ऑक्झॅलिक पोचत नाही, म्हणून ब्रूड असताना टाकलं तर वाया.

प्रमाण: १ लिटर साखरपाणी (साखर आणि पाणी सारखं), त्यात ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक. दोन फ्रेमच्या फटीत जिथे माश्या आहेत तिथे ५ मिली, सिरिंजनं. एका पेटीला ५० मिलीच्या वर नाही. एकदाच. दुसऱ्यांदा टाकायचा मोह झाला तरी नाही. हातमोजे आणि चष्मा घालून.

आता तारखांचं बघा. उद्या १६ नोव्हेंबर. उद्या कोंडली तर १० डिसेंबरला सुटते. तिनं घातलेल्या पहिल्या अंड्याची माशी ३१ डिसेंबरला बाहेर. ती शेतात जाण्याइतकी मोठी व्हायला आणखी तीन आठवडे, म्हणजे २१ जानेवारी. तुमचं फूल जानेवारीअखेर. आठ दिवस उशीर केलात तर बहार निघून जातो आणि माश्या मागून येतात. ठरवायचं आत्ताच.

दहाही पेट्या एकदम. तीनच केल्यात तर उरलेल्या सातांतून परत येतो, कारण माश्या घर चुकतात आणि चोऱ्या करतात.

कांदाबीज_बुलढाणा | १५ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

काका, फॉर्मिक आम्ल का नाही? आमच्याकडे येणारे तेच वापरतात. झाकलेल्या घरातही जातं म्हणतात.

मधकाका | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

जातं, हाच त्याचा मोठा गुण. ८५ टक्क्यांचं फॉर्मिक, छोट्या काचेच्या बाटलीत रोज ५ मिली, कापसाची वात, तळपाटावर, पंधरा दिवस ते तीन आठवडे. थंडीच्या दिवसांत मीही वापरतो.

पण हा वाफेचा खेळ आहे. पारा तिशीच्या वर गेला की वाफ एकदम सुटते. एकदा एप्रिलमध्ये मी लावलं, हट्टानं. तिसऱ्या दिवशी आठ पेट्यांपैकी दोन राण्या दारात मेलेल्या आणि उघडं ब्रूड उकडल्यासारखं. आपल्याकडे नोव्हेंबरातही दुपारचा पारा कधी तिशीला टेकतो. संत्रामळाकडे वेळ एकदाच आहे, म्हणून पिंजरा सांगितला. तिथे चूक झाली तरी राणी जिवंत राहते.

गंधकाची पूडही चालते, फ्रेमच्या वरच्या पट्टीवर प्रत्येकी २०० मिलिग्रॅम, आठ-दहा दिवसांनी. पळणाऱ्यावर बरी. पण ती पूड. बागेतलं पाण्यात विरघळणारं गंधक नव्हे.

आणि पट्ट्या. कोणीतरी पट्ट्या लावायला सांगितल्या होत्या ना? त्या बहुधा फ्लुव्हॅलिनेटच्या. वर्षानुवर्षं लावून लावून व्हरोआ सरावलाय, आणि ते औषध मेणात साचत जातं.

सूक्ष्मदर्शी | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:००

एक लहान भर. पेटीच्या पुढच्या फळीवर विष्ठेचे पिवळट-तपकिरी डाग दिसत असतील तर आणखी एक परजीवी तपासा, नोसेमा. हा कोळी नाही, बुरशीच्या जवळचा सूक्ष्मजीव, माशीच्या आतड्यात राहतो. डोळ्यांनी दिसत नाही. १९९६ मध्ये सातेरीवरून वर्णन झालेला नोसेमा सेराने तर बऱ्याचदा जुलाबाशिवायच वसाहत खचवतो. दहा-वीस मोठ्या माश्या कुपीत अल्कोहोलमध्ये टाकून ठेवा, चारशे पट सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसतात. बीएस्सीच्या पोरांना प्रात्यक्षिकाला हवंच असतं काहीतरी.

संत्रामळा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

कोंडल्या.

नऊ राण्या. दहावी सापडलीच नाही. पेटी क्र. ४, दोन तास शोधली, मान दुखली, शेवटी सोडून दिली. पिंजरे तारेच्या जाळीचे, आगपेटीएवढे, मीच कापले. जाळीतून कामकरी आत-बाहेर करू शकते, राणी नाही, तेवढंच बघितलं. तीन खराब पेट्यांतलं झाकलेलं ब्रूड कापून खड्ड्यात पुरलं. काका, ते करताना वाईट वाटलं. आत जिवंत पिल्लं होती.

आईनं विचारलं, "राणीले आत खायाले कोन देते?" सांगितलं, बाहेरच्या जाळीतून भरवतात. ती म्हणाली, "मग बरं हाये."

शेजाऱ्याकडेही जाऊन आलो. त्याच्या फवारणीवर संशय घेतला होता म्हणून. काही बोललो नाही, तुरीच्या शेंगा घेऊन परत आलो.

वऱ्हाडी_ठेचा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३३

चार नंबरची राणी लय हुशार हाये. तिले सरपंच करा.

संत्रामळा | ११ डिसेंबर, सकाळी ७:४५

चोवीस दिवस झाले. काल संध्याकाळी ऑक्झॅलिक टाकलं, थंडी होती, माश्या गोळा बसल्या होत्या. राण्या सोडल्या.

हिशेब असा. नऊपैकी आठ राण्या जिवंत. एक पिंजऱ्यातच गेली, का ते कळलं नाही. ती वसाहत दुसरीला जोडली, मध्ये वर्तमानपत्र ठेवून. कालच तळपाटावर पांढरा कागद सरकवला होता. सकाळी बघितला तर लाल ठिपके कागदभर. मोजता मोजता दोनशेच्या वर सोडून दिले. लांबट वाले अगदी थोडे, तेही मेलेले. म्हणजे बरणीत चार दिसले होते ते एवढे होते?

पेटी क्र. ४, जिची राणी सापडली नव्हती, तिची अवस्था सांगायला नको. पाच फ्रेमवरून दोनवर आली. आणि हो, त्यात आता मेणकिडा. काका म्हणाले तसा, तेराव्याला.

तुरीचा मध यंदा शून्य.

मधकाका | ११ डिसेंबर, सकाळी ८:३०

बरणीत माश्यांवरचे दिसतात, बहुतांश तर झाकणाखाली असतात. म्हणून बरणीचा आकडा लहान दिसला तरी हुरळून जायचं नसतं.

चार नंबर दुसऱ्या पेटीत जोडू नका. तिचं दुखणं पसरेल. उरलेल्या माश्या झटकून त्यांना राणीसकट कोऱ्या मेणपत्र्यावर बसवा, जुनी पोळी वितळवा. राणी आता दोनच फ्रेममध्ये शोधायची आहे, सापडेल.

साखरपाणी संध्याकाळीच द्या आणि दार बोटभर ठेवा. दुबळ्या पेट्या झाल्यात, चोरी सुरू झाली तर एका दुपारी खलास.

कांदाबीज_बुलढाणा | १२ डिसेंबर, सकाळी ९:१५

मी यंदा भाड्याच्या पेट्या उतरवायच्या आधी मालकासमोर शंभर घरं उघडणार. त्याला कळवलं तर म्हणाला, एवढी चौकशी तर मुलीच्या स्थळाचीही करत नाही कोणी.

मेळघाटची_पोर | १२ डिसेंबर, सकाळी ९:४०

करा चौकशी. स्थळ परत पाठवता येतं, कोळी नाही.

सूक्ष्मदर्शी | २० डिसेंबर, दुपारी ४:०५

कुपीतले नमुने बघितले. नोसेमाचे बीजाणू दोन पेट्यांतल्या माश्यांत आहेत, पण कमी. घाबरण्यासारखं नाही. जुनी काळी पोळी टप्प्याटप्प्यानं बदला. जी रिकामी पोळी ठेवायची आहेत त्यांना ऐंशी टक्के असेटिक आम्लाची वाफ द्या, मग चांगली हवेशीर होऊ द्या. माझ्या विद्यार्थिनींना पहिल्यांदा खरा नमुना मिळाला, त्यांनी तुमच्या गावाचं नाव वहीत लिहून ठेवलंय.

संत्रामळा | २९ जानेवारी, रात्री ८:५०

उशिरा लिहितो, बागेत गडबड होती. फूल आलं. सकाळी बागेत उभं राहिलं की आवाज येतो, मधाचा वास तर वेगळाच. आठ पेट्या भरलेल्या आहेत, सात-आठ फ्रेम माश्या. चार नंबर तीन फ्रेमची झाली आणि राणी सापडली होती, बारीकशी, काळपट. वऱ्हाडी_ठेचा, तिचं नाव आईनं 'सरपंचीण' ठेवलंय.

आज आईला परत फ्रेम दिली. शंभर घरं. व्हरोआ एकाही घरात नाही. पळणारे दोन घरांत, पेटी क्र. ७ मध्ये. ही पेटी उंबराच्या सर्वात जवळची. बाकी पेट्यांतून काही नाही.

काका, आता लगेच काही करू का? सुपर (मधासाठीचे वरचे मजले) चढवलेत, त्यात मध यायला लागलाय.

मधकाका | ३० जानेवारी, सकाळी ६:०५

सुपर वर असताना पेटीत काही टाकायचं नाही. शंभरात दोन आहेत, राहू द्या. सात नंबर उंबरापासून बागेच्या दुसऱ्या टोकाला न्या. बागेतल्या बागेत एकदम हलवू नका, माश्या जुन्या जागी परततात. रात्री दार बंद करून तीन किलोमीटरवर कोणाच्या शेतात दोन आठवडे ठेवा, मग नव्या जागी आणा. संत्र्याचा मध निघाला की पुन्हा शंभर घरं उघडा आणि आकडा टाका इथे.

आईंचा चष्म्याचा नंबर तपासून घ्या. काम वाढणार आहे.